स्वित्झर्लंडमध्ये नव्याने संसार मांडताना: वाणसामान, भाव आणि कोपऱ्यावरची दुकानं

तुमचं विमान शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी झुरिकला उतरणार असेल, तर एवढा परिच्छेद आधी वाचून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. उघडी असतात ती विमानतळावरची, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि पेट्रोल पंपांवरची. झुरिक विमानतळाच्या इमारतीतच मोठी सुपरमार्केटं आहेत आणि ती रविवारीही चालू असतात. घराकडे निघण्याआधी तिथूनच दूध, ब्रेड, मीठ, साखर, थोडे कांदे-बटाटे आणि तेलाची छोटी बाटली घ्या. घरी जाऊन मग बाहेर पडू म्हटलंत, तर सोमवारी सकाळपर्यंत बिस्किटांवर राहावं लागेल. लहान मूल बरोबर असेल तर हे फार जड जातं. पाणी मात्र विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम आहे, आणि एकट्या झुरिक शहरात रस्त्याकडेची १२०० हून जास्त कारंजी आहेत, त्यांचंही पाणी पिण्याचं.

आता निघण्याआधीची तयारी.

बॅगेत काय भरायचं, काय नाही

आईच्या हातचं तूप, पेढे, खवा, पनीर, श्रीखंड यातलं काहीही आणू नका. युरोपीय संघाबाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला इथे बंदी आहे आणि भारत त्यातच येतो. ताजी फळं, भाज्या, पानं यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट आहे ती फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे हापूसची पेटी नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. प्रेमाने बांधून दिलेली वस्तू विमानतळावर कचऱ्यात टाकावी लागते तेव्हा जे वाटतं ते टाळता आलं तर टाळा, आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

बॅगेतली जागा भरायची ती गोडा मसाला, काळा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, पापड, हिंग, आमसुलं यांनी. तांदूळ आणि तूरडाळ ओढून आणायची गरज नाही, इथे सहज मिळतात. गोडा मसाला आणि भाजणी मात्र मिळणं कठीण. कुकरच्या झाकणाच्या दोन-तीन रबरी रिंगा आणि पोळपाट-लाटणंही टाका. हे वाणसामान नसलं तरी पहिल्या महिन्यात यांच्यामुळेच घरचं जेवण सुरू होतं आणि बाहेरचं थांबतं. पैशांचा सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

महाग नेमकं काय आहे

पहिल्या दिवशी प्रत्येकजण किमतीला रुपयांनी गुणतो. एक फ्रँक म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास, म्हणजे हा फ्लॉवरचा गड्डा चारशे रुपये! मीही केलं. महिनाभर प्रत्येक भाजीपाशी थबकत होते आणि घरी येऊन नवऱ्याला आकडे ऐकवत होते. त्या हिशेबातून कळत काहीच नाही, फक्त घास गोड लागत नाही. रुपयांचा गुणाकार लवकर सोडा आणि त्याऐवजी एक गोष्ट समजून घ्या. मला ती कळायला वर्ष लागलं.

या देशात दोन गोष्टी महाग आहेत: माणसाच्या हातचं काम आणि इथली शेती.

आधी हातचं काम. जिनिव्हा कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य) २०२५ साली किमान वेतन ताशी २४.४८ फ्रँक होतं. गल्ल्यावर बसलेल्या, भाजी चिरणाऱ्या, ताट आणून देणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे नीट पैसे मिळतात. ही या देशाची चांगली बाजू आहे आणि तीच आपल्या पावतीवर दिसते. म्हणून जिथे जिथे दुसऱ्याचा हात लागला आहे, तिथे भाव चढतो: चिरलेली फळं, निवडून धुतलेली पालेभाजी, किसलेलं चीज, तयार सँडविच, उपाहारगृहातलं जेवण. दुपारचं साधं ताटसुद्धा बाहेर २० ते २५ फ्रँकच्या घरात जातं. त्याच पैशांत घरी आठवड्याची भाजी येते.

आता शेती. डोंगराळ जमीन, लहान लहान शेतं, जनावरं पाळण्याचे कडक नियम. पिंजऱ्यात कोंबड्या ठेवण्याची पद्धत तर इथे १९९२ पासून बंदच आहे. हा शेतकरी टिकावा म्हणून बाहेरून येणाऱ्या मांस, लोणी, दूध, भाजी यांवर मोठं आयातशुल्क आहे. भाज्यांचं शुल्क ऋतूप्रमाणे बदलतं: इथला टोमॅटो बाजारात आला की बाहेरच्या टोमॅटोवरचं शुल्क वाढतं. या सगळ्याचा परिणाम असा, की युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा इथलं अन्न ६० टक्क्यांच्या आसपास महाग पडतं. इथलं सरासरी कुटुंब तरीही आपल्या उत्पन्नातला जेमतेम ७ टक्के भाग अन्नावर खर्च करतं, म्हणून शेजारची आजी त्या भावाकडे बघतही नाही. शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्याला किंवा एकाच पगारावर चौघांचं घर चालवणाऱ्याला ते बघावंच लागतं.

आता याच दोन गोष्टींची दुसरी बाजू पाहा. ज्याला इथल्या कुणाचा हात लागलेला नाही आणि जे इथल्या शेतातलं नाही, ते स्वस्त. डाळी, तांदूळ, छोले, राजमा, पास्ता, डबाबंद टोमॅटो, गोठवलेले मटार आणि पालक, सूर्यफुलाचं तेल. म्हणजे आपल्या रोजच्या वरण-भात, उसळ, भाजीला लागणारं जवळजवळ सगळं. मराठी स्वयंपाकघराला या देशात घाबरण्यासारखं काही नाही, हे मी अनुभवाने सांगते. एकट्या शाकाहारी माणसाने घरी रांधून डबा नेला, तर माझ्या हिशेबाने महिन्याला ३०० ते ४०० फ्रँकमध्ये नीट, पोटभर, फळांसकट भागतं. तोच माणूस रोज दुपारी बाहेर जेवला तर फक्त दुपारच्या जेवणाचेच तेवढे होतात.

कोणतं दुकान कशासाठी

दोन मोठी नावं: मिग्रो आणि कोप. (मिग्रोच्या शेवटचा 'स' जर्मन भागात कुणी उच्चारत नाही.) त्यांच्या शाखा शहरांत आणि मोठ्या गावांत सगळीकडे आहेत. मिग्रोची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९२५ साली गोटलिब डुटवाइलर नावाच्या माणसाने झुरिकमध्ये पाच गाड्या रस्त्यावर आणल्या. कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, खोबऱ्याची चरबी आणि साबण अशा सहाच वस्तू तो गल्लोगल्ली विकायचा, मधल्या दलालाला वगळून. मोठ्या कंपन्यांनी माल द्यायचं नाकारलं, तेव्हा त्याने स्वतःचेच कारखाने काढले. म्हणून आजही मिग्रोच्या फळीवर बरीचशी नावं तिचीच असतात. पुढे त्याने कंपनी ग्राहकांच्या सहकारी संस्थेच्या हवाली केली. तिथे दारू आणि तंबाखू विकत नाहीत. २०२२ साली सभासदांना विचारलं, तेव्हाही त्यांनी दारूला नकोच म्हटलं.

कोपमध्ये ब्रँडचे पर्याय जास्त आणि सेंद्रिय मालाची निवड मोठी, पण हात जरा आवरून घ्यावा लागतो. आल्डी २००५ मध्ये आणि लिडल २००९ मध्ये जर्मनीहून आले. ही दोन दुकानं आल्यावर बाकीच्यांनाही भाव सांभाळावे लागले. डेनर लहान आणि स्वस्त, तिथे भाजी बेताचीच. खेड्यात राहणार असाल तर फोल्ग आणि लांडी भेटतील. लांडी हे मुळात शेतकऱ्यांचं दुकान, तिथे बटाटे, सफरचंदं आणि पीठ मोठ्या पिशवीत बरं पडतं.

आता खरं तंत्र. दुकान बदलण्यापेक्षा फळी बदलणं जास्त कामाचं आहे. मिग्रोमध्ये हिरव्या-पांढऱ्या वेष्टनातला एम-बजेट आणि कोपमध्ये गुलाबी-पांढरा प्री-गारांती, हे त्या दुकानांचे सगळ्यात स्वस्त प्रकार. ते नजरेसमोर ठेवलेले नसतात. खालच्या फळीवर, वाकून बघावं लागेल असे असतात. मीठ, साखर, पास्ता, डबाबंद टोमॅटो, साधं दही, तेल, गोठवलेली भाजी यांत मला चवीचा काही फरक कळलेला नाही. चहा आणि चॉकलेट मात्र मी त्या फळीवरून घेत नाही. बजेट फळीवरच्या वस्तू मिग्रो-कोपमध्येही आल्डीच्याच भावाच्या आसपास मिळतात, तेव्हा आल्डी लांब असेल तर तिथवर जाण्याची धावपळ करू नका.

स्टेशनवरची आणि पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं, म्हणजे कोप प्रोंतो आणि मिग्रोलिनो, अडीअडचणीपुरतीच. तीच वस्तू तिथे बरीच महाग.

मिग्रोचं क्युम्युलस कार्ड आणि कोपचं सुपरकार्ड दोन्ही फुकट आहेत, पहिल्याच आठवड्यात काढा. क्युम्युलसवर एका फ्रँकला एक गुण आणि ५०० गुणांवर ५ फ्रँकचं व्हाउचर, म्हणजे जेमतेम १ टक्का. त्यासाठी जास्तीची खरेदी करण्यात अर्थ नाही. पण कार्डावर कधी कधी ठरावीक सवलती येतात, त्या कामाच्या.

पहिली फेरी: आत गेल्यावर काय करायचं

ट्रॉलीसाठी एक किंवा दोन फ्रँकचं नाणं खिशात ठेवा, ते नंतर परत मिळतं. कापडी पिशवी घरून न्या.

मिग्रो आणि कोपमध्ये सुटी भाजी तुम्हीच तोलायची. भाजीच्या पाटीवर एक क्रमांक असतो, तो लक्षात ठेवून काट्यावर दाबायचा आणि आलेलं स्टिकर चिकटवायचं. हे विसरून गल्ल्यावर गेलात तर मागे रांग थांबते आणि तुम्हाला पुन्हा धावत काट्याकडे जावं लागतं. माझं पहिल्या महिन्यात दोनदा झालं. मागचे लोक शांत होते, मलाच फार ओशाळायला झालं. आल्डी आणि लिडलमध्ये मात्र गल्ल्यावरचा माणूस तोलतो. तिथे त्याचा वेग इतका असतो की पिशवीत भरत बसायला वेळ मिळत नाही. सगळं परत ट्रॉलीत टाका आणि बाजूच्या फळीवर जाऊन सावकाश भरा.

किमतीच्या पाटीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा, लिटरचा किंवा शंभर ग्रॅमचा भाव असतो. तो आकडा वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. 'आक्त्सिओन' असं लिहिलेली पाटी म्हणजे सवलत. फ्रेंच भागात 'आक्सियों', इटालियनमध्ये 'आझिओने'. पण दोन घेतले तर कमी, सहा घेतले तर आणखी कमी, या पाट्यांखालीही किलोचा भाव बघा. कधी कधी बजेट फळीवरचं एकच पाकीट त्या सहांपेक्षा स्वस्त असतं. टिकणाऱ्या वस्तूंची सवलत आली, तेल, साबण, कॉफी, चहासाठीचं यूएचटी दूध, तर दोन महिन्यांचं घेऊन ठेवा.

वेष्टनावर जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तिन्ही भाषा असतात, इंग्रजी क्वचित. शाकाहारी घरात काही शब्द पाठच हवेत: 'रिंड' म्हणजे गोमांस, 'श्वाइन' डुकराचं, 'काल्ब' वासराचं, 'श्पेक' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. ते सुपात, बटाट्याच्या तयार पदार्थांत आणि पाय-केकमध्येही असतं. 'गेलाटीने' म्हणजे जनावरांपासून काढलेलं जिलेटिन, ते जेली आणि गोळ्यांमध्ये. चीजमध्ये 'लाब' येतं, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात तो पदार्थ. ते वासराच्या पोटातलंही असू शकतं आणि ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये ते तसंच असतं. कटाक्षाने पाळणाऱ्यांनी पिवळ्या वर्तुळातला हिरवा 'व्ही' शोधावा. तारखेचंही तसंच: 'त्सू फरब्राउखेन बिस' ही खरी शेवटची तारीख, 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' म्हणजे निदान तोवर तरी उत्तम, नंतर वास-चव बघून वापरायला हरकत नाही.

आपल्या स्वयंपाकासाठी इथलं काय घ्यायचं

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण याच प्रश्नांचे फोन मला सगळ्यात जास्त येतात.

पोळ्यांची कणीक. इथलं 'वाइसमेल' म्हणजे मैदा. 'फोलकॉर्नमेल' म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, त्याच्या पोळ्या कडक आणि तुटक होतात. मधली दोन पिठं आपल्या कामाची: 'हाल्बवाइसमेल' आणि 'रूखमेल'. ही दोन्ही निम्मी निम्मी मिसळा, कोमट पाण्यात जरा सैलसर भिजवा आणि निदान अर्धा तास झाकून ठेवा. पोळी अगदी घरच्यासारखी नाही, पण मऊ होते आणि डब्यात दुपारपर्यंत टिकते. आपल्याकडचा आटा तमिळ दुकानात मिळतो, सणासुदीला मी तो आणते.

तूप. दुकानात 'आइनगेझोटेने बुटर' किंवा 'ब्राटबुटर' नावाने मिळतं ते कढवलेलं लोणीच, डाळीवर घालायला चालतं. पण खरी चव हवी तर घरी कढवा. त्यासाठी खायचं उंची लोणी नको, 'कॉखबुटर' म्हणजे स्वयंपाकाचं लोणी घ्या. ते स्वस्त आणि त्याचं तूप तितकंच रवाळ होतं.

दही. घरी लावायची हौस असेल तर जरूर लावा, पण दूध इथलं, म्हणून वाचत काही नाही. बजेट फळीवरचं साधं अर्धा किलोचं दही तेवढ्यातच पडतं. चक्क्याऐवजी 'राम्क्वार्क' रात्रभर फडक्यात टांगा आणि साखर-वेलची घाला. पाडव्याला श्रीखंड होतं आणि छान होतं.

टोमॅटो. हिवाळ्यात ताजे टोमॅटो आमटीसाठी घेऊ नका. ते महागही असतात आणि पाणचटही. 'पेलाती' नावाचा सोललेल्या टोमॅटोंचा डबा फ्रँकभरात किंवा त्याहून थोड्या जास्तीत येतो आणि रस्सा लाल, दाट होतो. कोशिंबिरीचे टोमॅटो जुलै-ऑगस्टमध्ये खा, तेव्हा ते इथल्याच मातीतले असतात.

भाजी. हट्टाने भेंडी-गवार शोधत बसलात तर रोजची भाजीच परवडणार नाही, कारण ती विमानाने येते. कोबी, गाजर, बटाटे, कांदे, बीट, लाल भोपळा, लीक या भाज्या वर्षभर आवाक्यात असतात. नवलकोल इथे सगळीकडे मिळतो, 'कोलराबी' या नावाने. आमच्या घरी त्याची भाजी डाळ घालून होते आणि कोवळी पानंही त्यातच जातात. 'मँगोल्ड'ची पानं पालकासारखी परतून किंवा ताकातल्या पातळ भाजीसाठी वापरा. गोठवलेला पालक आणि मटार यांना नाक मुरडू नका.

गावाकडे फिरायला गेलात तर शेतघराबाहेर एक टेबल किंवा छोटं कपाट दिसेल. त्यावर बटाटे, अंडी, भोपळे, सफरचंदं मांडलेली, किंमत लिहिलेली आणि शेजारी पैसे टाकायची पेटी. माणूस नसतो. पैसे टाकायचे आणि वस्तू घ्यायची. सुटी नाणी जवळ ठेवा. शेतकऱ्याचा मधला खर्च वाचलेला असतो, माल सकाळचा असतो, आणि इथल्या लोकांचा एकमेकांवर असलेला विश्वास बघून मला दर वेळी बरं वाटतं. जूनमध्ये काही शेतांत स्ट्रॉबेरी स्वतः तोडून घेता येतात. मुलांना न्या.

मांसाहार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोंबडीची नुसती छाती घेण्यापेक्षा अख्खी कोंबडी किंवा तंगड्या घ्या, कारण तिथेही कापण्याच्या हाताचे पैसे आहेत. वेष्टनावर देशाचं नाव असतं. बाहेरून आलेलं गोठवलेलं मांस इथल्यापेक्षा खूप स्वस्त. अंड्यांचंही तसंच, इथली आणि बाहेरची यांच्या भावात ठळक फरक असतो. मी अंडी इथलीच घेते, कारण कोंबडी कशी ठेवली आहे याची मला काळजी वाटते. तो माझा निर्णय झाला, तुम्ही आपल्या खिशाप्रमाणे ठरवा.

तमिळ दुकान शोधून काढा

नवीन आलेले लोक इंटरनेटवर 'भारतीय किराणा' शोधतात आणि एखादं लांबचं, महागडं दुकान सापडलं की तिथेच जात राहतात. त्याऐवजी तुमच्या गावातलं श्रीलंकन तमिळ दुकान शोधा. १९८३ नंतर यादवीतून जीव वाचवून हजारो तमिळ कुटुंबं या देशात आली आणि आज जवळजवळ प्रत्येक शहरात स्टेशनच्या आसपास त्यांचं एक तरी दुकान असतं. तूरडाळ, मूगडाळ, उडीदडाळ, पोहे, रवा, साबुदाणा, चिंच, ओला नारळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची भरघोस जुडी, सगळं तिथे. डाळी साधारण ३ ते ५ फ्रँक किलो. तांदूळ पाच किंवा दहा किलोच्या पोत्यात घ्या, सुपरमार्केटातल्या एक किलोच्या डब्याशी त्याची तुलनाच नाही. ताजी भाजी कोणत्या दिवशी येते ते दुकानदाराला विचारा. दोन-तीनदा गेलात की दुकानातल्या ताई 'आज मेथी आलीय' म्हणून स्वतःहून सांगतात.

तुर्की दुकानंही विसरू नका. छोले, लाल मसूर, दलिया, तीळ, वांगी, पुदिना तिथे चांगला मिळतो. कढीपत्ता आणलात की धुऊन, पुसून, फ्रीजरमध्ये टाका. फोडणीत तसाच घाला, महिनाभर पुरतो.

सीमेपलीकडची खरेदी

सोमवारी ऑफिसात कुणीतरी सांगेल की शनिवारी जर्मनीला जाऊन सगळं निम्म्या भावात आणलं. खरं आहे, बऱ्याच वस्तू तिथे खूप स्वस्त असतात. झुरिकहून लोक कोन्स्टान्सला किंवा वाल्ड्सहूटला जातात. बाझेलहून तर ८ क्रमांकाची ट्राम थेट वाइल-आम-राइनला नेते. जिनिव्हाचे लोक फ्रान्समध्ये आनमासला, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो कॅन्टनचे इटलीत कोमोला. पण नियम नीट माहीत हवेत.

१ जानेवारी २०२५ पासून माणशी, दिवसाला १५० फ्रँकपर्यंतचा माल करमुक्त आणता येतो. आधी ही मर्यादा ३०० होती, जुनी माहिती सांगणारे अजून भेटतात. १५० च्या वर गेलात की संपूर्ण रकमेवर इथला व्हॅट भरावा लागतो. याशिवाय काही वस्तूंना वजनाची वेगळी मर्यादा आहे: मांस माणशी १ किलो, लोणी आणि साय मिळून १ किलो, तेल-तूपवर्गातलं बाकीचं ५ किलो किंवा लिटर. ही मर्यादा किमतीशी जोडलेली नाही, माल कितीही स्वस्त असला तरी लागू आहे.

हे मला दिवाळीच्या आधी कळलं. फराळाच्या तुपासाठी मी एकटीच जाऊन ३ किलो लोणी घेऊन आले. एकूण बिल मर्यादेच्या आत, म्हणून निर्धास्त होते. सीमेवर पिशवी तपासली गेली. वरच्या प्रत्येक किलोला १६ फ्रँक, म्हणजे ३२ फ्रँक शुल्क. ते लोणी इथल्यापेक्षा महाग पडलं. चूक माझीच होती, मी नियम वाचला नव्हता. त्या वर्षीच्या चकल्या मी इथल्या कॉखबुटरच्या मोहनाने केल्या. दोघं जाणार असाल तर दोन किलो, मूल असेल तर त्याचीही मर्यादा धरली जाते. जास्त आणायचंच असेल तर 'क्विकत्सोल' या अ‍ॅपवर आधी जाहीर करून शुल्क भरा, म्हणजे सीमेवर दंडाचा प्रश्न येत नाही.

जर्मनीतला व्हॅट परत मिळतो, पण एका पावतीची रक्कम ५० युरोच्या वर असेल तरच. गल्ल्यावर निर्यातीची पावती मागायची, जर्मन कस्टमचा शिक्का घ्यायचा, आणि पुढच्या खेपेला दुकानात देऊन पैसे घ्यायचे. इथला राहण्याचा परवाना जवळ हवा. अन्नावरचा तिथला व्हॅट ७ टक्केच आहे, तेव्हा शिक्क्याच्या रांगेत अर्धा तास उभं राहायचं का ते बिल बघून ठरवा. शाम्पू, डायपर, साबणाची पावडर यांवर १९ टक्के असतो, तिथे हे परवडतं.

माझं स्पष्ट मत: शाकाहारी, दोन माणसांच्या घराला दर आठवड्याची सीमेपलीकडची फेरी परवडत नाही. गाडीभाडं आणि अर्धा दिवस धरलात तर हातात फार थोडं उरतं. दोन महिन्यांतून एकदा यादी करून जा. आणि रविवारी जाऊ नका, जर्मनीतली दुकानंही त्या दिवशी बंदच असतात.

शनिवारची संध्याकाळ

रविवारी दुकान बंद, म्हणून शनिवारी बंद व्हायच्या तास-दीड तास आधी मिग्रो-कोपमध्ये नाशवंत मालावर २५ किंवा ५० टक्के सवलतीची स्टिकरं लागतात. पनीरसारखं चीज, दही, मशरूम, ब्रेड, फळं. ब्रेड कापून फ्रीजरमध्ये ठेवा, मशरूमची त्याच रात्री भाजी करा. 'टू गुड टू गो' हे अ‍ॅपही इथे खूप चालतं. बेकरी किंवा दुकान उरलेला माल पिशवीत भरून एक तृतीयांश किमतीच्या आसपास देतं, पण आत काय आहे ते उघडल्यावरच कळतं. शाकाहारी असाल तर ब्रेडची किंवा फळभाजीची पिशवी निवडा. उत्पन्न फारच कमी असेल, तर कारितास या संस्थेची खास दुकानं आहेत. तिथे जाण्यासाठी ओळखपत्र काढावं लागतं. गरज असताना ते काढायला संकोच करू नका, ती व्यवस्था त्यासाठीच आहे.

उरलेलं, सोललेलं, रिकामं

वाणसामानाच्या खर्चात कचराही येतो, हे कुणी सांगत नाही. बहुतेक गावांत कचरा गावाने ठरवलेल्या, कर भरलेल्या पिशवीतच टाकावा लागतो. झुरिकमध्ये ती 'त्सूरी-झाक'. एका ३५ लिटरच्या पिशवीला फ्रँक-दोन फ्रँक लागतात. बऱ्याचदा ती फळीवर ठेवलेली नसते, गल्ल्यावर मागावी लागते. साध्या पिशवीत कचरा टाकला तर ती उघडून आतल्या पत्रावरून घर शोधतात आणि दंड येतो. जिनिव्हात ही पिशवी लागत नाही.

म्हणून पिशवीत कमीत कमी जाईल असं बघा. पाण्याच्या आणि सरबताच्या प्लास्टिक बाटल्या दुकानाच्या दारातल्या गोल भोकात परत टाका, त्यांचे पैसे मिळत नाहीत, पण पिशवीतली जागा वाचते. काच रंगाप्रमाणे वेगळी, पेलातीचे डबे धुऊन धातूच्या पेटीत, पुठ्ठा दोरीने बांधून ठरलेल्या दिवशी दाराबाहेर. भाजीच्या साली-देठांसाठी तुमच्या इमारतीत हिरवा डबा आहे का, ते घर ताब्यात घेतानाच विचारून घ्या. आपल्याकडे रोज एवढी भाजी निवडली जाते की त्या डब्यामुळे महिन्याच्या दोन-तीन पिशव्या सहज कमी लागतात.